सपाट रेषेचे घर

मी एक जुना वीज मीटर आहे, मित्रांनो. आता भिंतीवर नाही. वीज कार्यालयाच्या एका टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आहे. माझा लाल दिवा विझला आहे आणि पडद्यावर एकही आकडा उमटत नाही. काचेवर एक तिरका चरा आहे, त्याच्याबद्दल पुढे सांगेन.

थकलो आहे असे म्हटले की लोकांना वाटते, हा रडगाणे गाणार. तसे नाही. मी हिशेबाने बोलतो. दर अर्ध्या तासाला एक आकडा, दिवसाला अठ्ठेचाळीस आकडे, अशी अकरा वर्षे. सुट्टी एकही नाही. एक लाख नव्वद हजारांच्या वर आकडे मी लिहिले आणि पाठवले. तुम्हाला रोज एक पान शुद्धलेखन लिहायचा कंटाळा येतो, म्हणून हे सांगितले.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे चारशे भाऊ एका लांब फळीवर ओळीने उभे होते. एक बाई प्रत्येकातून ठरावीक वीज सोडायची आणि कोण किती सांगतो ते पाहायची. जो जास्त सांगेल तो भंगाराच्या खोक्यात, जो कमी सांगेल तोही त्याच खोक्यात. मी होती तेवढीच सांगितली. तिने माझ्या पोटाला सील ठोकले आणि म्हणाली, "चल, हा खरं बोलतो." आयुष्यात झालेले हे माझे पहिले कौतुक. दुसरे व्हायला नऊ वर्षे लागली.

मला भिंतीवर बसवले ते रीडिंगवाल्या काकांनी. तीन मजली इमारत, जिन्याखाली लोखंडी पेटी, पेटीत बारा मीटर. मला वरच्या ओळीत डावीकडून दुसरी जागा मिळाली. बसवताना काकांच्या शिडीचा कोपरा माझ्या काचेला लागला. काका हळहळले. "चरा पडला रे बाबा तुला," म्हणाले, आणि मग स्वतःचीच समजूत घातली, "असू दे. ओळखायला बरा."

मीटर मुका असतो, पण आंधळा नसतो. घरात वीज जास्त वापरली की आमचा लाल दिवा भराभर लुकलुकतो. पेटीच्या झाकणाच्या काचेत मला शेजारच्या सगळ्यांचे दिवे दिसायचे, त्यामुळे इमारतीतली अर्धीअधिक बातमी मला दिव्यांवरूनच कळायची. तळमजल्यावरचे गृहस्थ जिन्यात सगळ्यांना ऐकवायचे, "पाचला उठतो मी, पाचला! व्यायाम, मग थंड पाण्याची अंघोळ." त्यांचा गिझर पावणेनऊला सुरू व्हायचा आणि पाऊण तास चालायचा. तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको भांडले की दोन खोल्यांत दोन पंखे फिरायचे. समेट झाला की एक बंद. आम्ही बारा जण हे पाहायचो आणि गप्प बसायचो. आमच्या धंद्यात चहाडी चालत नाही, फक्त आकडा चालतो.

माझे घर दुसऱ्या मजल्यावरचे. तिथे आबा आणि त्यांची मुलगी राहायचे. आबांची बायको मी भिंतीवर आल्यावर दोन वर्षांनी वारली. वीजजोडणी तिच्या नावावर होती, फोन नंबरही तिचाच दिलेला होता. ती गेल्यावर तो फोन तिच्या चष्म्याशेजारी कपाटाच्या खणात गेला. कोणाला तो बंद करवला नाही, आणि कार्यालयात नंबर बदलायचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

आबांनी चाळीस वर्षे लाकूड कापण्याच्या गिरणीत काढली होती. तेवढा भुसा नाकातोंडातून आत गेला आणि तिथेच राहिला. "माझी छाती उघडलीत तर एक टेबल आणि दोन खुर्च्या निघतील," असे ते डॉक्टरांना सांगायचे. मुलगी रुग्णालयात परिचारिका. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी, मग पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या वर्षी घरात एक यंत्र आले. हवेतला प्राणवायू ओढून नळीने आबांच्या नाकाला पुरवणारे. गुडघ्याएवढे, चाकांवर चालणारे, आणि दिवसरात्र घुर्र घुर्र करणारे. आबांनी त्याचे नाव त्याच दिवशी ठेवले: घरजावई.

"का हो?" काकांनी विचारले होते, अजूनही ते हे रंगवून सांगतात. त्या काळात आकडे नीट पोचतात की नाही हे तपासायला काका महिन्यातून एकदा यायचे, आणि पेटी पाहून झाली की आबांकडे पाणी प्यायला वर चढायचे.

"का म्हणजे? कोपऱ्यात बसतो, दिवसभर खातो, आवाज करतो, आणि त्याला दुखवायची सोय नाही!"

मुलगी आतून ओरडली, "आबा, निदान याला तरी नावं ठेवू नका. एवढा एकच टिकलाय."

दोघे म्हातारे इतके हसले की आबांना खोकला आला आणि मुलीने दोघांनाही गप्प केले.

घरजावयाचा आकडा मला पाठ होता. अर्ध्या तासाला पावणेदोन दशांश युनिट. पहाटे तेवढेच, दुपारी तेवढेच. त्यात फ्रीजची थोडी भर. बाकी घर म्हणजे काटकसर. पाणी गॅसवर तापायचे, आबा दिवा लावू द्यायचे नाहीत, रेडिओ सेलवर चालायचा. मुलगी कामावर जाण्याआधी गणवेशाला इस्त्री करायची, तेवढा एक छोटा उंचवटा माझ्या आकड्यांत यायचा. सकाळपाळीला तो पहाटे, दुपारपाळीला बाराच्या सुमारास, रात्रपाळीला संध्याकाळी. तो उंचवटा आला की मला कळायचे, पोरगी निघाली. मग पुढचे आठ-नऊ तास वर फक्त आबा, घरजावई आणि मी.

पुढे आकडे न चुकता पोचू लागले आणि काकांच्या फेऱ्या बंद झाल्या. त्यांना कार्यालयात तक्रारींच्या फोनशेजारी एक खुर्ची दिली. त्यांच्या जागी कार्यालयात एक तरुण बाई आली. आकड्यांतून माणसे ओळखण्याचे शिक्षण घेतलेली. सगळे तिला आकडेबाई म्हणू लागले.

तिचे काम असे होते. शहरातल्या चाळीस हजार घरांचे आकडे तिच्यासमोर. प्रत्येक घराची दिवसाची एक रेषा काढायची, आणि सारख्या रेषांची घरे एका गटात बसवायची, म्हणजे कोणत्या भागाला केव्हा किती वीज लागेल ते आधी कळेल. वर्गात बाके लावावीत तसे समजा. आधी आठ घरे अशीच उचलून आठ बाकांवर म्होरके म्हणून बसवायची. बाकीच्या प्रत्येक घराने ज्या म्होरक्याशी आपली रेषा जास्त जुळते त्याच्या बाकावर जायचे. मग त्या बाकावरच्या सगळ्यांची सरासरी रेषा काढायची आणि तिलाच नवी म्होरकी करायची. पुन्हा पाहायचे, कोणाला दुसरे बाक जवळचे वाटते का. ज्याला वाटेल तो उठेल, तिकडे जाईल. कोणीही उठेनासे झाले की गट तयार.

काम चांगले आहे, मी नावे ठेवणार नाही. पण बाके आठच का? आकडेबाई म्हणत होती, निदान अकरा हवीत. साहेबांनी पेनांची डबी पुढे सरकवली. "आठ रंग आहेत यात. नववी रेषा कशाने काढू, बोटाने?" झाले. चाळीस हजार घरांची आठ बाकांवर दाटीवाटी झाली.

आणखी दोन गोष्टी झाल्या. रोजची वेगळी रेषा फार पसारा करते म्हणून तिने प्रत्येक घराचे तीन महिने एकावर एक ठेवून एकच सरासरी दिवस काढला. आमच्या मुलीच्या तीन पाळ्यांचे तीन उंचवटे त्यात विरघळले, साखर चहात विरघळते तसे. मग बंगला आणि एक खोली यांची तुलना व्हावी म्हणून तिने प्रत्येक घराचे आकडे त्याच घराच्या एकूण वापराने भागले. मोठा-लहान हा भेद गेला, उरला फक्त आकार. आमच्या घराचा आकार काय? सपाट रेष. आणि ज्या घराला कुलूप आहे, आत फक्त विसरलेला फ्रीज चालू आहे, त्याचा आकार काय? तोही सपाट.

माझे घर आठव्या बाकावर गेले. करड्या रंगाचे बाक. त्याचे नाव साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले: बंद घरे.

मी मात्र खरेच सांगत होतो. बंद घरातला फ्रीज दिवसाला जेमतेम एक युनिट खातो. मी रोज साडेनऊ पाठवत होतो. पण भागाकार झाल्यावर माझ्या साडेनऊला कोण विचारतो?

त्या उन्हाळ्यात एका कुलूपबंद घरात जुन्या वायरिंगमुळे आग लागली. कोणाला इजा झाली नाही, पण साहेब हादरले. त्यांनी ठरवले, करड्या बाकावरच्या सगळ्या घरांची वीज दुरूनच तोडायची. हेतू वाईट नव्हता. आधी सगळ्यांना फोनवर संदेश धाडले: घरात कोणी राहत असल्यास आठ दिवसांत कळवा. आमचा संदेश कपाटाच्या खणात, चष्म्याशेजारी जाऊन पडला. आठ दिवसांत उत्तर आले नाही. साहेब म्हणाले, "बघा, उत्तर नाही. म्हणजे बंदच."

एका मंगळवारी सकाळी अकराला मला हुकूम आला. माझ्या पोटात एक खटका असतो, मित्रांनो. हुकूम आला की तो पडतो. मला विचार करायला ठेवलेले नाही. खटका पडला, माझा दिवा थांबला, आणि मुलीची सकाळपाळी संपायला अजून चार तास होते.

पुढचे आबांच्या समोरच्या दारातल्या काकूंनी पेटीसमोर उभे राहून इतक्या जणांना सांगितले की ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

वीज गेली तशी यंत्राने शिट्टी मारायला सुरुवात केली. काकूंना वाटले, कोणाच्या कुकरची. पंधरा मिनिटे झाली तरी शिट्टी थांबेना. मग भिंतीवर काठीचे ठोके ऐकू आले. काकूंकडे आबांच्या घराची किल्ली असायची. दार उघडून पाहतात तो आबा पलंगाच्या कडेला बसलेले, ओठ निळसर, काठी हातात. कोपऱ्यात अडीनडीला ठेवलेला छोटा सिलिंडर होता, पण त्याची चावी आबांच्या हाताने फिरेना. काकूंनी पदराने धरून फिरवली आणि नळी त्याला जोडली. सिलिंडर पुरणार किती? तास, फार तर सव्वा तास.

मुलीचा फोन वॉर्डात कपाटबंद. काकूंनी वीज कार्यालयाला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला.

"मॅडम, तुमच्या इमारतीत वीज आहे."

"इमारतीत आहे हो, या घरात नाही!"

"नंबर सांगा. हं... मॅडम, ते घर बंद आहे."

"बंद काय? मी त्यात उभी आहे!"

"यादीत बंद आहे, मॅडम."

"मग मी कोण बोलतेय, भूत? आणि हे म्हातारं माणूस पलंगावर बसलंय ते काय, सावली? अहो, यांच्या श्वासाचं मशीन बंद पडलंय!"

"तुम्ही लेखी अर्ज..."

"अर्ज पोचेपर्यंत यांना श्वास घेऊ नका म्हणून सांगू का? मोठ्या माणसाला द्या फोन."

फोनवरच्या पोराने रिसीव्हरवर हात ठेवला आणि शेजारी बघून म्हणाला, "काका, गंमत ऐका, बंद घरातून बाई बोलतेय."

काका पेपर वाचत होते. "कुठलं घर?"

त्याने पत्ता सांगितला. काकांचा पेपर खाली पडला. "दुसरा मजला? अरे, तिथे घरजावई आहे!"

"कोणाचा?"

काका उत्तर द्यायला थांबले नाहीत. गुडघा दुखतो म्हणून एरवी जिना टाळणारा माणूस एक मजला चढून आकडेबाईच्या टेबलापाशी धापा टाकत उभा राहिला. "बाई, हे घर बंद नाही. मी पाणी प्यायलोय तिथे."

आकडेबाईने रेषा दाखवली. "हे बघा ना काका, एकदम सपाट. माणूस राहतो तिथे रेषा वरखाली होते."

"रेषा मला कळत नाही. तुमच्या भागाकाराच्या आधीचा आकडा दाखवा. मी जन्मभर तोच वाचला."

तिने मूळ आकडे उघडले. साडेनऊ. साडेनऊ. साडेनऊ. तिने शेजारच्या बंद घराचा उघडला. एक. एक. एक. काका सांगतात, तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग तिची बोटे भराभर चालली आणि जोडणीचा हुकूम माझ्यापर्यंत आला.

पण एक अडचण होती. आमची वीज दुरून तोडता येते, दुरून जोडता येत नाही. घरात कोणाचा हात उघड्या वायरीवर असेल तर? म्हणून हुकूम आला तरी आमच्या तोंडावरचे छोटे बटण माणसाच्याच बोटाने दाबावे लागते. काकांनी फोनवर सांगितले, "खाली जा आणि मीटरचं बटण दाबा." काकू धावत खाली आल्या. पेटी उघडली. बारा मीटर, बारा तोंडे, चिकटवलेल्या नावांचे कागद कधीच झडलेले.

"अहो, यातला कुठला? सगळे सारखेच दिसतायत!"

"वरची ओळ. डावीकडून दुसरा. काचेवर चरा असेल."

काकूंचे बोट वरच्या ओळीवरून सरकत माझ्या काचेवर आले. मग काकू म्हणाल्या, "आहे, आहे! चरा आहे!"

त्यांनी बटण इतके जोरात दाबले की मी भिंतीवरून हललो. खटका वर गेला. बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. सिलिंडरचा काटा तेव्हा लाल खुणेच्या खाली गेला होता. वरून घुर्र असा आवाज आला आणि काकू जिन्याच्या पायरीवरच बसल्या. माझ्या वहीत त्या दिवशी दोन शून्ये आहेत आणि त्यांच्यापुढे एक अर्धामुर्धा आकडा. एवढ्या आकड्यांतले ते तीन मी कधी विसरलो नाही. खटका माझाच होता.

मुलगी साडेतीनला आली. काकूंचे ऐकून घेतले, यंत्र तपासले, सिलिंडर बदलायला सांगितला. मग आईचा फोन खणातून काढून चार्जिंगला लावला आणि तो संदेश उभ्यानेच वाचला. रडली की नाही ते मला माहीत नाही. रडण्याला वीज लागत नाही.

चौथ्या दिवशी आकडेबाई स्वतः आली, काकांना घेऊन. चाळीस हजार घरांच्या रेषा तिने पाहिल्या होत्या, पण त्यातल्या एकाही घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आत जाण्यापूर्वी ती पेटीसमोर थांबली. माझ्या चऱ्यावरून बोट फिरवले. "हा बिचारा खरंच सांगत होता," म्हणाली. हे ते दुसरे कौतुक.

वर ती किती बोलली, किती माफी मागितली, ते भिंतीतून आले नाही. उतरताना काका तिची खेचत होते, तेवढे ऐकले. तिने आबांना विचारले होते, तुमचा दिवस कसा जातो. आबा म्हणाले होते, "तुझ्या कागदावर आहे तसाच. सरळ रेषेत. वाकडी झाली तर काळजी कर."

तिने पद्धत बदलली. भागाकाराच्या आधी उंची पाहू लागली, तिन्ही पाळ्यांचे आठवडे वेगवेगळे मांडू लागली, आणि साहेबांना बाजारातून बारा रंगांची डबी आणून दिली. शिवाय एक नियम केला: बंद घरांच्या यादीतल्या प्रत्येक दारावर आधी कोणीतरी जाऊन थाप मारायची, मगच हुकूम. काकांना फेऱ्या परत मिळाल्या. गुडघ्याची कुरकुर करत, पण ते खूश होते.

दीड वर्षाने एका दुपारी, अडीच ते तीनच्या दरम्यान, माझ्या आकड्यातून पावणेदोन दशांश कमी झाले. खटका पडला नव्हता. वीज होती. कोणीतरी वर यंत्राचे बटण हाताने बंद केले होते. त्या आठवड्यात मुलीची सकाळपाळी होती, पण पहाटेचा इस्त्रीचा उंचवटा दोन दिवस आला नव्हता. मी कमी झालेला आकडा लिहिला आणि नेहमीसारखा पाठवला. त्याखेरीज मला काय येते?

पुढच्या वर्षी माझ्या जागी नवा मीटर आला. मला काढले ते काकांनीच. भंगाराच्या पोत्यात टाकायचे ते त्यांनी पिशवीत टाकले आणि आकडेबाईच्या टेबलावर आणून ठेवले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, माझे व्हायचे ते झाले. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी आकडे मांडेल, कोणी गट पाडेल, कोणी याद्या करील. वर्गात आत्ताही करत असालच: हा हुशार, तो ढ, ती शिष्ट. करा. त्यावाचून जगाचे काम चालत नाही. पण ज्याला तुम्ही शेवटच्या बाकावर बसवले आहे त्याच्या दाराशी एकदा जाऊन या. आत कोणीतरी श्वास घेत असेल.

आज सकाळी बंद घरांची नवी यादी छापून आली. एकोणीस घरे. आकडेबाईने ती टेबलावर ठेवली, वर मला ठेवले आणि साहेबांच्या माणसाला म्हणाली, "काका येईपर्यंत हा हलवायचा नाही." काका अकरा दारांवर जाऊन आलेत, आठ उरलीत. पंखा जोरात फिरतो आहे, कागदाचे कोपरे फडफडत आहेत. मी थकलेलो आहे, पण जड आहे. बसलो आहे.